वडिलांना फ्लूची लस घ्यायला कसं राजी करायचं?

लोकमान्यनगरकर

नमस्कार मंडळी,

बाबा ७४ वर्षांचे. साखर जुनी, बायपास झालेली. गेल्या पावसाळ्यात घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप झाला. आमचा चार दिवसांत उतरला, बाबांचा मात्र छातीत गेला आणि दवाखान्यात ऑक्सिजनवर राहावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की फ्लूची लस दरवर्षी घ्या, न्यूमोनियाचीही घेऊन टाका. कागद फाइलमध्ये, फाइल कपाटात, आणि आता पुन्हा मृग तोंडावर आलाय.

कोविडच्या वेळी हेच बाबा! १ मार्च २०२१ ला साठीच्या वरच्यांना लस खुली झाली, त्या आठवड्यातच टोचून आले. सर्टिफिकेट लॅमिनेट करून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. आता मी फ्लूच्या लशीचं नाव काढलं की म्हणतात, "ती सरकारने सांगितली होती. ही तू सांगतोयस."

त्यात सकाळच्या फिरण्याच्या कंपूत कोणीतरी सांगून ठेवलंय, "भिया, मैंने सुई लगवाई और दूसरे ही दिन बुखार!" झालं. शिवाय दरवर्षी का, दीड-दोन हजार का, मी रोज काढा घेतो तो काय उगाच, हे आहेच.

माहिती नका देऊ. माहिती मी भरपूर दिली आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ज्यांनी घरच्यांना पटवलंय त्यांनी कसं पटवलं ते सांगा.

सराफ्यातला_भुक्कड

सोपंय. लस घेतल्यावर पोहे-जिलेबी.

लोकमान्यनगरकर

साखर आहे म्हटलं ना.

सराफ्यातला_भुक्कड

बरं, नुसते पोहे. वरून शेव जास्त.

माळवी_माणूस

स्पष्ट बोलतो, राग नसावा. वडील ७४ वर्षं जगले ते काय दरवर्षी सुया टोचून? आमचे आजोबा नव्वदीपर्यंत खणखणीत होते. कोविडच्या लशीचं २०२४ मध्ये काय बाहेर आलं ते आपण सगळ्यांनी वाचलं, रक्ताच्या गुठळ्या वगैरे. तेव्हाही "एकदम सुरक्षित" म्हणूनच सांगत होते. आणि फ्लूची लस दरवर्षी घ्यायची म्हणजे कंपनीला दरवर्षीचं गिऱ्हाईक. म्हाताऱ्या माणसाला नको असेल तर सोडा ना त्याला सुखाने.

छातीठोक

आयडीवरून कळलं असेलच, छातीचे आजार बघतो. सध्या इंदुरात नाही, पण शिकलो तिथल्या एमवाय रुग्णालयात, त्यामुळे हक्काने बोलतो.

आधी धागाकर्त्यांसाठी. "ती सरकारने सांगितली होती" हे बाबांचं म्हणणं मला रास्त वाटतं. फ्लूची लस सरकारच्या मोफत लसीकरण कार्यक्रमात नाही. चौकात फलक नाहीत, फोन लावला की ऐकू येणारी ती खोकल्याची कॉलर ट्यून नाही. इतकी गरजेची असती तर कोणी बोललं का नसतं, असं माणसाला वाटणारच. मुलगा सांगतो म्हणजे गूगल सांगतं, असा त्यांचा हिशोब असतो.

म्हणून तुम्ही सांगणं बंद करा. त्यांचा नेहमीचा डॉक्टर कोण, ज्याचं ते ऐकतात? त्यांना आधी फोन करून ठेवा आणि साखरेच्या पुढच्या तपासणीलाच विषय काढायला सांगा. अनुभव असा की पेशंटला "फ्लूची लस घेणार का?" विचारलं की उत्तर "बघू". तेच "काका, यंदाची फ्लूची लस राहिलीय, आज देऊन टाकू, काही शंका आहे का?" म्हटलं की निम्मे तरी शर्टाचं बटण काढायला लागतात. बाकीचे शंका विचारतात, आणि तेच हवं असतं.

कंपूतल्या काकांचा ताप: आपल्याकडे दंडात देतात त्या लशीत विषाणू मारलेला असतो, त्याने फ्लू होऊच शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस अंग कसकसतं, कणकण येते. आणि लशीचा जोर यायला साधारण दोन आठवडे लागतात. त्याआधी बाहेरून फ्लू लागला तर नाव लशीचंच होतं.

माळवी_माणूस, तुम्हाला सविस्तर लिहितो, ओपीडी आटपून.

गोंधळलेला_गणू

एक बाळबोध प्रश्न. फ्लूची, न्यूमोनियाची आणि ती आरएसव्ही की काय, एकच का? आमच्या केमिस्टने "सब एक ही है" सांगितलं.

लष्करवाली

गणू, केमिस्ट बदला.

फ्लू हा विषाणू, लस दरवर्षी. न्यूमोनियाची म्हणतात ती न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूवरची. ती दरवर्षी नसते, कोणती घेता त्यावर एक किंवा दोन डोस. आरएसव्ही हा तिसराच प्राणी, त्याच्यावर जाणकार लिहितील.

आता माझा अनुभव, ग्वाल्हेरचा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत धुकं असं पडतं की बाडा गाठेपर्यंत स्वेटर ओलसर होतो. सासूबाईंना दमा. नेब्युलायझर पलंगाशेजारी, स्टुलावर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. लशीला त्यांचा ठाम नकार. मुलगा ओरडून झाला, नणंदेने व्हिडिओ पाठवून झाले. मी एक दिवस भाजी निवडताना सहज विचारलं, "आई, नक्की नको काय वाटतं त्यातलं?" तर म्हणाल्या, "त्यात अंडं असतं म्हणे."

सगळे त्यांना दुष्परिणामांची आकडेवारी ऐकवत होते आणि बाईंचा प्रश्न सोवळ्याचा होता!

मी खरं तेच सांगितलं. बहुतेक फ्लूच्या लशींसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, मग मारून शुद्ध करतात. अंड्याच्या प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश राहतो. अंडं न वापरता केलेल्याही असतात, पण आमच्या डॉक्टरांकडे होती ती अंड्यातलीच. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच म्हणाल्या, औषधाला कसलं आलंय सोवळं, कॉड लिव्हर तेल नाही का पाजलं मुलांना. आता दर वर्षी त्याच आठवण करतात.

नगरकर, तुमच्या बाबांना असं कोणी विचारलंय का, की भीती कसली आहे? "का नाही घेत" असं नव्हे हां, त्यात भांडण असतं.

सराफ्यातला_भुक्कड

क्रोशाचा रुमाल! आमच्याकडे तर वायफायच्या राउटरवर आहे.

सुरसागरकाठी

बडोद्याहून हजेरी. लष्करवाली, प्रतिसाद एकदम मस्त.

अवांतर आहे पण राहवत नाही. लस घ्यायला लोक का-कू करतात हे आपल्याकडे सव्वाशे वर्षांचं जुनं आहे. प्लेगच्या वेळी हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९८ मध्ये आमच्या बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी प्रयोग झाला. गावात प्लेग चालू होता. घराघरातल्या साधारण अर्ध्या माणसांना टोचलं, अर्ध्यांना नाही, म्हणजे एकाच छपराखाली तुलना. मृत्यू बहुतेक सगळे न टोचलेल्यांत झाले. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण तेव्हाच्या गावकऱ्यांना कागदावरचा आकडा दाखवायची गरज उरली नसणार.

माळवी_माणूस

प्लेगला मरण्याचं प्रमाण किती आणि फ्लूला किती! प्लेगच्या गोष्टी सांगून फ्लूची लस खपवू नका.

सुरसागरकाठी

खपवत नाहीये हो, माझं दुकान फरसाणाचं आहे.

छातीठोक

आलो. माळवी_माणूस, तुमचे मुद्दे टाकाऊ नाहीत.

गुठळ्यांचा तो दुष्परिणाम खरा होता, अत्यंत विरळ होता, आणि तो कोविशील्डच्या जातीच्या लशीचा होता, ज्यात वाहक म्हणून अॅडेनोव्हायरस वापरतात. फ्लूची लस त्या जातीची नाही. ती १९४० च्या दशकापासून वापरात आहे. तिचा गंभीर म्हणावा असा दुष्परिणाम म्हणजे गिया-बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार. झालाच तर दहा लाख डोसांमागे एखाद-दुसरा. फ्लू होऊन गेल्यावरही तो आजार होऊ शकतो. पूर्वी कधी झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

लस शंभर टक्के चालत नाही हेही खरं. ज्या वर्षी लस आणि फिरणारा विषाणू चांगले जुळतात, त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागण्याइतका फ्लू होण्याचा धोका ४० ते ६० टक्के कमी होतो. वयस्कांत काही वर्षी त्याहून कमी. मी पेशंटला हेच सांगतो. "घेतली की फ्लू होणारच नाही" असं सांगणारा डॉक्टर पुढच्या वर्षीचा पेशंट घालवतो.

मग का घ्यायची? धडधाकट तिशीतल्या माणसाचा फ्लू म्हणजे आठवडाभर अंथरूण. बायपास झालेल्याचं गणित वेगळं. कॅनडातल्या ऑन्टारियोत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट होतं. साखर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुना आजार), कॅन्सरची औषधं चालू असलेले, गरोदर बायका, या सगळ्यांत साधा फ्लू साधा राहत नाही. फ्लूच्या लशीचा हृदयाशी काही संबंध आहे हेच बहुतेक बाबालोकांना कोणी सांगितलेलं नसतं.

तुमच्या आजोबांना नमस्कार. नव्वदी न गाठलेल्यांचे नातू मात्र इथे लिहायला येत नाहीत.

माळवी_माणूस

शेवटचं वाक्य लागलं. बाकी पटलं असं नाही, पण उत्तर नीट दिलंत.

आकडेमोडे

+१. आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे वळू, पटवायचं कसं. यावर चक्क प्रयोग झालेत.

डेन्मार्कात २०२२-२३ च्या हंगामात ६५ वर्षांवरच्या नऊ लाखांहून जास्त लोकांना वेगवेगळ्या मजकुराची सरकारी ई-पत्रं पाठवली. कोणाला साधं पत्र, कोणाला तज्ज्ञाचं आवाहन, वगैरे. बहुतेक मजकुरांनी काही फरक पडला नाही. दोनच युक्त्या चालल्या: लशीचा हृदयाला होणारा फायदा सांगणारं पत्र, आणि साधंच पत्र काही दिवसांनी पुन्हा पाठवणं. वाढ एक टक्क्याच्या आतबाहेर. हसू नका, तिथे आधीच ८० टक्के लोक घेत होते आणि पत्राला खर्च जवळपास शून्य.

अमेरिकेत कॅथरीन मिल्कमन या वर्तनशास्त्रज्ञ बाईंच्या गटाने मोबाइलवर मेसेज पाठवून पाहिले. त्यांतला सर्वांत चाललेला मजकूर कोणता असेल? "तुमच्यासाठी फ्लूची लस राखून ठेवली आहे." बस. ना भीती, ना विज्ञान.

सराफ्यातला_भुक्कड

म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं "तुमचं पान वाढलंय". पान वाढलंय म्हटल्यावर कोण उठून जातो?

लोकमान्यनगरकर

भुक्कड, हे मात्र आमच्या बाबांना लागू आहे. वाया जाणं या गोष्टीचा त्यांना मनस्वी राग. विझलेला बल्बसुद्धा फेकत नाहीत.

माळवी_माणूस

ही फसवणूक नाही का? राखून ठेवली नसताना राखून ठेवली म्हणणं?

छातीठोक

फसवणूक होऊ नये, बरोबर. त्यावर उपाय एकच, खरोखर मागवून ठेवायची. लहान दवाखान्यांत तशीही फ्लूची लस माणसागणिकच मागवतात. दोन ते आठ अंशांत राहावी लागते, गोठून चालत नाही, न खपलेली हंगाम संपला की फुकट. म्हणून स्वतः केमिस्टकडून घेऊन उन्हातून स्कूटरच्या डिकीत नेऊ नका, दवाखान्यालाच मागवू द्या. आणि टोचण्याआधी पाकीट बघायला मागा. त्यावर हंगाम छापलेला असतो, उत्तर गोलार्ध की दक्षिण, कोणतं वर्ष, आणि मुदत. गेल्या हंगामातली निघाली तर नम्रपणे नको म्हणा.

गोंधळलेला_गणू

गोलार्धाचं काय? इंदूर उत्तर गोलार्धात आहे एवढं मला माहीत आहे.

छातीठोक

हाहा, आहे. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा मिश्रण ठरवते, फेब्रुवारीत उत्तरेसाठी, सप्टेंबरात दक्षिणेसाठी, कारण विषाणू रूप बदलत राहतो. दरवर्षी घ्यायची ती त्याचसाठी, शिवाय जोरही काही महिन्यांत ओसरतो. काश्मीर सोडलं तर आपल्याकडे फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात असतो, थंडीत पुन्हा एक लहान लाट. म्हणून पावसाआधी, मे-जूनमध्ये, जी सर्वांत ताजी मिळेल ती घ्यायची. हुकलं तर नंतरही चालतं, न घेण्यापेक्षा बरं.

पूर्वी चार जातींवरची लस होती, आता तीनवर आली. बी-यामागाता नावाची चौथी जात मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेलीच नाही, मास्कच्या काळात बहुधा संपली.

सराफ्यातला_भुक्कड

चारच्या तीन झाल्या, मग भाव कमी झाला का?

परदेशी_इंदुरी

न्यू जर्सीहून. मूळची मल्हारगंजची. आरएसव्हीबद्दल लिहिते, कारण आई-बाबा इकडे आले की हा विषय निघतोच.

लहान बाळांच्या छातीत घरघर होते, ब्राँकिओलायटिस म्हणतात, त्यामागे बहुतेक हाच विषाणू. पण म्हाताऱ्यांनाही तो फ्लूसारखाच लोळवतो, हे इथे येईपर्यंत मला माहीत नव्हतं. २०२३ च्या मे महिन्यात इथे वयस्कांसाठी दोन लशींना मान्यता मिळाली. इथला सल्ला असा: ७५ च्या पुढे सगळ्यांनी, आणि त्याहून लहान वयात हृदय-फुप्फुसांचे वगैरे आजार असतील त्यांनी, एक डोस. सध्या तरी दरवर्षी घ्यायची नाही. गरोदरपणातही देतात, म्हणजे बाळाला आईकडून संरक्षण मिळतं.

बाबा माझे ७८. त्यांना पटवायला काही करावं लागलं नाही. किराणा घ्यायला गेलो होतो, तिथल्याच फार्मसीत खुर्ची मोकळी होती. वांगी, कोथिंबीर आणि लस, एकाच फेरीत. मला वाटतं अर्धी लढाई तीच आहे, वेगळं उठून जावं लागू नये.

छातीठोक

अगदी.

थोडा इतिहास, आवडतो म्हणून. हा विषाणू १९५६ मध्ये आधी सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींत. १९६० च्या दशकात बाळांसाठी मारलेल्या विषाणूची लस करून पाहिली, तर टोचलेल्या बाळांनाच आजार जास्त तीव्र झाला, दोन बाळं दगावली. त्या धक्क्याने पुढची कित्येक दशकं काम रेंगाळलं. विषाणूवरचं एक प्रथिन विषाणू पेशीत शिरण्याआधी एका आकारात असतं आणि नंतर आकार बदलतं. लस त्या आधीच्या आकारावर करायला हवी, हे २०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यानंतर दहा वर्षांत लस बाजारात. "घाईत आणली" म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं.

निवांत_निमाडी

आजी रक्त पातळ करायच्या गोळीवर आहे. तिला चालते का? सुई लावली की काळं-निळं होतं.

छातीठोक

चालते. आधी सांगायचं, म्हणजे बारीक सुई वापरतात. टोचल्यावर कापसाने दोन मिनिटं तरी घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. आपल्या बायकांना चोळायची फार सवय. गोळी मनाने बंद करायची नाही. ताप असेल तर उतरल्यावर जा, नुसतं नाक वाहत असेल तर अडत नाही.

लोकमान्यनगरकर

अपडेट.

फॅमिली डॉक्टरांशी बोललो. लस खरंच मागवली. कंपाउंडरचा बाबांना फोन आला, "काका, तुमच्या नावाची लस आलीय, फ्रिजमध्ये ठेवलीय." बाबांचा पहिला प्रश्न: "मी नाही आलो तर ती कोणाला द्याल?" तो बिचारा म्हणाला, बघावं लागेल, शनिवारपर्यंत ठेवतो. फोन ठेवून बाबा गप्प.

रात्री लष्करवालींचा प्रश्न विचारला, भीती कसली आहे म्हणून. आधी टाळलं. मग म्हणाले, "लशीनंतर दोन दिवस ताप आला तर तू मला परत तिथेच नेशील."

मला हे सुचलंच नव्हतं. गेल्या वर्षी रात्री हात बांधून ठेवले होते, नळी काढू नये म्हणून. ते कोणालाच बोलले नव्हते. मी सांगितलं, लशीचा ताप घरीच पॅरासिटामॉलवर बघायचा, डॉक्टर घरी येतील, आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तुम्हाला विचारून. हे डॉक्टरांकडूनही वदवून घेतलं. शनिवारी सकाळी स्वतःच चप्पल घालून तयार.

दंड दुखतोय, बाकी ठीक. न्यूमोनियाची पुढच्या फेरीला.

लष्करवाली

हात बांधल्याचं वाचून कसंतरी झालं. काकांना नमस्कार सांगा.

आकडेमोडे

आता घरात शाळेत जाणारी मुलं असतील तर त्यांनाही द्या. फ्लू घरात आणतात तीच. आणि स्वयंपाकाच्या मावशी?

लोकमान्यनगरकर

मुलं आणि मी, तिघांचं नाव दिलंय. मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या पैसे तुम्ही देणार तर आजच चला. देणार आहे.

पण गंमत पुढेच. आई हे सगळं ऐकत होती, चहा गाळता गाळता म्हणाली, "मला नाही का कोणी विचारलं?" आई ६९ ची, बीपीची गोळी चालू, बाबांच्या खोलीत रात्री तीच झोपते.

छातीठोक

मग त्यांची आधी! सांभाळणारं माणूस पडलं की घर बसतं.

परदेशी_इंदुरी

सगळ्या आयांचं हेच.

लोकमान्यनगरकर

आज संध्याकाळी नेतोय. बाबा म्हणतायत, एकाच घरचे पाच जण आणि मावशी, म्हणजे सहा. काही कमी करतात का विचार.